लिंडबर्गच्या आजोबांची भट्टी

गॅदरिंगच्या आदल्या रात्री आमच्या विंगमध्ये एक पैज लागली. कोल्ड्रिंकची बाटली ओपनरशिवाय उघडायची. मी दातांनी उघडली. पैज जिंकलो, पण बाटलीचं बूच आणि माझ्या वरच्या पुढच्या दाताचा अर्धा तुकडा एकाच वेळी खाली पडले. घरी फोन करून बाथरूममध्ये घसरलो असं सांगितलं. (हे मासिक सुट्टीत घरी न्यायचं की नाही, हे अजून ठरवलेलं नाही.)

पुढचं सगळं यथासांग झालं. रूट कॅनाल झालं आणि मग डॉक्टरांनी कॅपचा विषय काढला. त्यांच्या ट्रेमध्ये तीन नमुने होते. एक धातूवर चिनीमाती चढवलेली, एक झिर्कोनियाची आणि एक काचेसारखी तुकतुकीत. मजबूत हवी की अस्सल दिसणारी हवी, असं त्यांनी मला विचारलं. मेटलर्जीचा विद्यार्थी म्हणून मी ऐटीत सांगून टाकलं की दोन्ही हवं. ते हसले. म्हणाले की हा हट्ट फार जुना आहे, आणि तो ज्याने आयुष्यभर धरला त्या माणसाचं नाव चार्ल्स हेन्री लँड.

बीडीएस करणाऱ्या माझ्या शाळेतल्या मित्राला विचारलं तर त्याला हे नाव पाठ होतं. सिरॅमिक क्राउनचा धडा म्हणे याच माणसापासून सुरू होतो. आमच्या मेसमध्ये मात्र दहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नाही. पण त्याच्या नातवाचं नाव नऊ जणांनी ऐकलेलं निघालं. चार्ल्स लिंडबर्ग, म्हणजे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा आणि न थांबता उडत गेलेला तो वैमानिक! नातू जगप्रसिद्ध आणि आजोबा फक्त डेंटिस्ट लोकांत प्रसिद्ध, म्हटल्यावर मला आजोबांबद्दल जास्त उत्सुकता वाटायला लागली. त्यातून आजोबांची गोष्ट निघाली थेट आमच्याच विषयातली. म्हणून हा लेख. मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे मराठीत काही इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

लँडचा जन्म ११ जानेवारी १८४७ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या सिमको गावातला. त्या काळी डेंटिस्ट व्हायचं तर कॉलेजातच गेलं पाहिजे असं काही नव्हतं. एखाद्या जाणत्या डेंटिस्टच्या हाताखाली उमेदवारी करायची, आपल्याकडे सोनाराच्या पेढीवर पोरं शिकतात तशी. लँड तसाच शिकला आणि मग अमेरिकेत शिकागोला गेला. १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोला ती प्रसिद्ध आग लागली आणि शहराचा मोठा भाग होत्याचा नव्हता झाला. त्यानंतर लँड डेट्रॉइटला आला तो कायमचाच. तिथे एडविन लॉज नावाच्या होमिओपॅथिक डॉक्टरांच्या मुलीशी, इव्हँजेलिनशी, त्याचं लग्न झालं.

आता त्या काळी तोंडात काय परिस्थिती होती ते बघू. किडलेल्या दातात भरायला उत्तम वस्तू एकच, सोनं. सोन्याचा वर्ख थरावर थर ठेवून दाताच्या खड्ड्यात ठोकून ठोकून बसवायचा. पेशंटने तासन् तास तोंड उघडं ठेवायचं आणि डेंटिस्टने छोट्या हातोडीने ठोकत राहायचं! दात फारच गेला असेल तर सोन्याची टोपी. मटेरिअल म्हणून सोन्याला नावं ठेवायला जागाच नाही. ते गंजत नाही, तुटत नाही, दाताच्या कडेशी इतकं बेमालूम बसतं की आजही ते काम बघून डेंटिस्ट माना डोलावतात. वाईट एवढंच, की माणूस हसला की सोनं आधी दिसतं आणि माणूस नंतर.

चिनीमातीचे दात तेव्हा नव्हते असं नाही. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या शेवटीच चिनीमातीच्या कवळ्या निघाल्या होत्या. पण कवळी वेगळी आणि स्वतःच्या दातावर चढवायचा क्राउन वेगळा. लँडच्या तरुणपणी पुढच्या दाताला चिनीमातीचं तोंड द्यायचं म्हणजे मूळ दात हिरडीपाशी कापायचा, मुळात खुंटी ठोकायची आणि त्या खुंटीवर नवा दात उभा करायचा. दात जिवंत असला तरी आधी त्याला मारायचं. लँडला हे पटत नव्हतं. दाताचा जेवढा भाग शाबूत आहे तेवढा राखावा, बाहेरून थोडा घासून लहान करावा आणि वरून चिनीमातीचं पातळ कवच अंगरख्यासारखं घालावं, असं त्याच्या मनात आलं. डेंटिस्ट लोक त्याला अजूनही जॅकेट क्राउनच म्हणतात.

कल्पना झकास. पण करायची कशी? इथून पुढे गोष्ट इंजिनिअरिंगची आहे.

दातासाठी वापरतात ती चिनीमाती आपल्या कपबशीची नव्हे. कपबशीत केओलिन भरपूर असतं, म्हणून ती पांढरी पण अपारदर्शक होते. दाताच्या पोर्सिलेनमध्ये बहुतेक सगळं फेल्डस्पार, थोडं क्वार्ट्झ, आणि केओलिन अगदी नावाला. हे तापवलं की वितळून त्याची जवळजवळ काचच होते. उजेड त्यात थोडा आत शिरतो, थोडा आतल्या आत विखुरतो आणि मग परत येतो. आपल्या दाताचं एनॅमलही उजेडाशी असंच वागतं. नुसता पांढरा रंग दिला तर दात खडूसारखा मेलेला दिसतो. जिवंतपणा येतो तो या अर्धपारदर्शकपणामुळे.

अडचण अशी की ही पूड नीट भाजायला १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पाण्यात कालवलेली ती ओली पूड धरून ठेवायला काहीतरी साचा हवा, तो त्या उष्णतेत टिकायला हवा आणि दाताच्या आकाराशी तंतोतंत जुळायला हवा. सोनं १०६४ अंशालाच वितळून जाणार. लँडने प्लॅटिनम घेतलं. प्लॅटिनम १७६८ अंशापर्यंत वितळत नाही आणि भट्टीत तापवलं तरी त्यावर ऑक्साइडची काजळी धरत नाही, त्यामुळे पोर्सिलेनला डाग पडत नाही. त्याचा साधारण इंचाच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे २५ मायक्रॉन जाडीचा पत्रा घ्यायचा. मिठाईवरच्या वर्खापेक्षा हा बराच जाड, पण बोटाने दाबला तर दुमडेल इतका नाजूक. घासून तयार केलेल्या दाताच्या आकारावर हा पत्रा गुळगुळीत हत्याराने चोळून चोळून बसवायचा. त्याची इवलीशी टोपी होते. ती अलगद काढून घ्यायची, तिच्यावर ब्रशने ओली पूड चढवायची, हलके हलके ठोकून कण दाबून बसवायचे, वर आलेलं पाणी टिपून घ्यायचं, वाळवायचं आणि भट्टीत सरकवायचं.

भट्टीतून जे बाहेर येतं ते आत गेलं त्याहून लहान असतं. घनफळाच्या हिशेबात जवळजवळ एक तृतीयांश आकुंचन! म्हणजे आकार चुकणार, चिरा पडणार. मग त्या चिरांत पुन्हा पूड भरायची, पुन्हा भाजायची, आणि आकार मनासारखा होईपर्यंत हेच चालू. शेवटी झिलई येईपर्यंत एकदा भाजायचं. मग चिमट्याने आतला प्लॅटिनमचा पत्रा सोलून काढायचा. पत्र्याच्या जागी जी बारीक फट उरते त्यात सिमेंट भरून क्राउन दातावर बसवायचा. झाला जॅकेट क्राउन. हे सगळं थर्मोकपल नसताना, बऱ्याच वेळा नुसत्या भट्टीच्या उजेडाच्या रंगावरून तापमान ओळखून करायचं. आमच्या लॅबमध्ये डिजिटल कंट्रोलरची भट्टी असूनही आमचे निम्मे सॅम्पल्स फुटतात, त्यामुळे मला या माणसाबद्दल वाटणारा आदर खरा आहे.

लँडने भट्ट्याही स्वतःच बनवल्या. गॅसवर चालणारी, डेंटिस्टच्या खोलीत मावेल अशी भट्टी त्याला हवी होती, कारण पोर्सिलेनचं काम कारखान्यातून उचलून दवाखान्यात आणल्याशिवाय पेशंटच्या दाताशी रंग जुळणार कसा? १८८६ मध्ये त्याने आपल्या पद्धतीवर पहिला महत्त्वाचा लेख छापला. त्यात धातूच्या पातळ कवचावर एनॅमलसारखा थर भाजून दात झाकायची रीत होती, म्हणजे धातू आतच राहत होता. पुढे तो पूर्ण पोर्सिलेनच्या क्राउनकडे वळला. त्या दशकाच्या अखेरीस त्याने आपल्या पद्धतींची पेटंटंही घेतली.

आणि इथेच त्याचं व्यवसायबंधूंशी बिनसलं. आपल्याला वाटेल पेटंट घेण्यात काय वावगं? पण अमेरिकन डेंटिस्टांच्या पेटंटविषयीच्या आठवणी अतिशय कडू होत्या. रबरापासून कवळीचा सांगाडा बनवायच्या पद्धतीचं पेटंट एका कंपनीकडे होतं आणि ती कंपनी प्रत्येक डेंटिस्टकडून लायसन्सची फी वसूल करायची, दिली नाही तर कोर्टात खेचायची. त्या कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याचा १८७९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोत एका त्रासलेल्या डेंटिस्टने गोळी घालून खून केला होता. ही गोष्ट ताजी असताना डेट्रॉइटचा एक डेंटिस्ट पोर्सिलेनची पेटंटं घेतो आणि वर सोन्याच्या कामावर टीका करतो, म्हटल्यावर त्याला हारतुरे कोण घालणार? पण मला इथे लँडची बाजूही थोडी समजते. ज्याने स्वतःच्या पैशाने भट्ट्या बांधल्या, प्लॅटिनम जाळलं आणि शेकडो वेळा फुटलेले तुकडे गोळा केले, त्याला आपल्या कामाची किंमत मागावीशी वाटली तर नवल नाही. फक्त माणसाचं दुखणं आणि नट-बोल्ट यांत फरक आहे, हेही तितकंच खरं. आमच्या रूममध्ये यावर रात्री दोनपर्यंत वाद झाला आणि निकाल लागला नाही. असो.

१९०३ मध्ये 'डेंटल कॉसमॉस' या तेव्हाच्या नावाजलेल्या मासिकात लँडचे पोर्सिलेन कलेवरचे लेख आले. कला हा शब्द त्याचाच. तोपर्यंत विजेच्या भट्ट्या निघाल्या होत्या, त्यामुळे धूर नाही, तापमान आवरतं, आणि इतर डेंटिस्टही हे काम करू लागले. पुढचे दात आता ओळखू येईनासे झाले. पण ते टिकत होते का?

पुष्कळदा टिकत नव्हते. लँडच्या क्राउनचं हे दुखणं कोणीच लपवू शकलं नाही. पुढच्या दातावर जपून वापरला तर वर्षानुवर्षं राही. मात्र चावताना जोर जास्त पडला, चावा तिरका बसला किंवा सुपारीसारखं कडक काही आलं की सरळ दोन तुकडे. दाढेवर तर त्याचं कामच नव्हतं. पुढच्या दातावर चावण्याचं बल साधारण १०० ते २०० न्यूटन असतं, दाढेवर ते ५०० च्याही पुढे जातं. आणि फेल्डस्पार पोर्सिलेनची वाकण्यातली ताकद भरते जेमतेम ६० ते ७० मेगापास्कल. सोन्याची टोपी दबेल, झिजेल, पण असा दगा देणार नाही. तरीही लोक लँडचा क्राउन मागत राहिले. तुटेल हे माहीत असूनही मागत राहिले. समोरचा तुटका दात घेऊन मी एक महिना तोंडावर हात धरून हसलो आहे, त्यामुळे मला हे सांगायला कुठल्या सर्वेक्षणाची गरज नाही.

आता घरातला लँड. डेट्रॉइटच्या वेस्ट एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या त्याच्या घरात दवाखाना आणि प्रयोगशाळा दोन्ही होतं. मुलगी इव्हँजेलिन (आईचंच नाव) मिशिगन युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकली आणि केमिस्ट्रीचीच शिक्षिका झाली. त्या काळात मुलीने केमिस्ट्री घ्यायची म्हणजे घरातलं वातावरण काय असेल बघा. तिचा मुलगा चार्ल्स लिंडबर्ग याचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ चा, तोही डेट्रॉइटमधलाच. आईवडिलांचं फारसं जमत नसल्याने पोराचं लहानपण इकडून तिकडे फिरण्यात गेलं, शाळा सारख्या बदलल्या. पण आजोबांचं घर पक्कं होतं. तिथे भट्ट्या, रसायनं, हत्यारं, साचे, दातांचे नमुने, आणि या सगळ्याला हात लावायची परवानगी! आजोबांनी त्याला हत्यारं धरायला शिकवली. सहाव्या वर्षी एक खरीखुरी बंदूकही दिली. (आमच्या आजोबांनी सहाव्या वर्षी आम्हाला पाढे दिले.) पुढे लिंडबर्गने आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा आजोबांच्या प्रयोगशाळेला त्यात मानाची जागा दिली.

हॉस्टेलवाल्यांसाठी एक दिलाशाची बातमी. हा नातू विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगला होता आणि मार्क इतके वाईट होते की १९२२ च्या सुरुवातीला त्याला कॉलेज सोडावं लागलं. त्याच वसंतात तो विमान शिकायला नेब्रास्काला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार्ल्स हेन्री लँड वारला, वयाच्या ७५ व्या वर्षी. नातवाचं पॅरिसचं उड्डाण त्याला बघायला मिळालं नाही.

मला मात्र हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लँडच्या मृत्यूच्या एकच वर्ष आधी, १९२१ मध्ये, इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ या इंजिनिअरचा एक शोधनिबंध छापून आला. आपण फ्रॅक्चर मेकॅनिक्सच्या पहिल्या लेक्चरला वहीत ज्याचं नाव लिहितो तोच ग्रिफिथ. तो काम करत होता फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात, म्हणजे नातवाच्या धंद्यात. आणि प्रयोग करत होता काचेवर, म्हणजे आजोबांच्या धंद्यात. काच कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी आधी का फुटते, याचं उत्तर त्याने दिलं. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि ताण त्या चिरांच्या टोकाशी एकवटतो. लँडचे क्राउन का तुटत होते ते यात आलं. प्लॅटिनमचा पत्रा सोलून काढल्यावर क्राउनचा आतला पृष्ठभाग असाच बारीक चिरांनी भरलेला राहायचा. चावलं की क्राउन किंचित वाकायचा, आतली बाजू ताणली जायची, आणि चीर आतून बाहेर धावायची. शिवाय तोंडात लाळ सदाची. पाणी चिरेच्या टोकाशी काचेतले बंध हळूहळू तोडतं, म्हणून काल सोसलेला चावा आज सोसवत नाही. लँडने चाळीस वर्षं ज्या शत्रूशी झुंज घेतली त्याचं नाव छापून आलं तेव्हा तो म्हातारा झाला होता. त्याने तो निबंध वाचला असण्याची शक्यता कमीच. डेंटिस्ट कशाला वाचेल विमानवाल्यांचं!

पुढची हकिकत थोडक्यात. १९६२ मध्ये वाइनस्टाइन मंडळींनी पोर्सिलेनमधलं ल्युसाइट वाढवून त्याचं उष्णतेचं प्रसरण सोन्याच्या मिश्रधातूशी जुळवलं आणि धातूवर भाजलेला क्राउन पक्का केला. तो मजबूत झाला, पण आत धातू असल्याने उजेड आरपार जाईना आणि कालांतराने हिरडीपाशी करडी रेघ दिसू लागली. १९६५ मध्ये मॅक्लीन आणि ह्यूज यांनी काचेत ॲल्युमिनाचे कण मिसळून लँडच्या क्राउनला बळकटी दिली. १९७६ मध्ये याच मॅक्लीनने स्केडबरोबर आणखी एक युक्ती काढली. प्लॅटिनमच्या पत्र्यावर कथिलाच्या ऑक्साइडचा थर देऊन तो क्राउनच्या आत कायमचा चिकटवून ठेवला, म्हणजे आतल्या चिरा उघड्याच पडत नाहीत. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. १८८६ मध्ये लँडने धातू आत ठेवलाच होता! सुंदर दिसावं म्हणून नंतर त्याने तो काढून टाकला, आणि नव्वद वर्षांनी लोकांनी तो परत आत घातला.

मग आला झिर्कोनिया. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी दाखवलं की झिर्कोनियात चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक आपलं रूप बदलतात, ४-५ टक्के फुगतात आणि चिरेलाच दाबून धरतात. ३ टक्के यिट्रिया घातलेल्या झिर्कोनियाची ताकद ९०० मेगापास्कलच्या पुढे जाते. लँडला हे कळलं असतं तर तो भट्टीभोवती नाचला असता. पण त्याने क्राउन हातात घेऊन उजेडासमोर धरला असता तर त्याचा चेहरा पडला असता, कारण हा झिर्कोनिया खडूसारखा दिसतो. त्यावर वरून पोर्सिलेन चढवलं तर त्या पोर्सिलेनचे टवके उडतात. यिट्रिया वाढवून तो जास्त अर्धपारदर्शक करता येतो, पण मग फुगण्याची ती युक्ती दुबळी होते आणि ताकद घटते. मधल्या वाटेवर लिथियम डायसिलिकेट आहे, साधारण ४०० मेगापास्कलचं, दिसायला देखणं, आणि पुढच्या दाताला पुरेसं.

हे सगळं शोधून मी दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा दोन्ही हवं असं म्हटलं नाही. लिथियम डायसिलिकेट सांगितलं. त्यांनी मला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी नेलं, ट्यूबलाइट बंद केली आणि दातांच्या रंगांच्या पट्ट्या एकेक करून माझ्या शेजारच्या दाताला लावून पाहिल्या. बराच वेळ बघत होते. माझे दात मला वाटत होतं त्यापेक्षा पिवळे निघाले, मेसच्या चहाची कृपा. त्यांनी तोच पिवळसर रंग कागदावर टिपून घेतला आणि मुळाशी थोडा गडद, टोकाला थोडा निळसर, अशी खूण करून लॅबला पाठवला.

आठवड्याने कॅप बसली. बाबा भेटायला आले होते, त्यांना कुठला दात तुटला होता ते शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. फुटाणे मात्र मी आता डाव्या दाढेने खातो, आणि ओपनर माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे, ज्याला लागेल त्याने रूमवर येऊन न्यावा.